शिळ्या पाण्याच्या बाई

गोल काचेच्या भांड्यात मासा ठेवलेला दिसला, की बाई भांड्याच्या मालकाला एकच प्रश्न विचारायच्या. "किती वर्षांची दिलीय ह्याला?"

समोरचा गोंधळायचा. "काय किती वर्षांची?"

"शिक्षा."

हे मोबाइलच्या दुकानात व्हायचं, मंगल कार्यालयाच्या काउंटरवर व्हायचं, एकदा तर सांत्वनाला गेलो त्या घरी झालं. सोबत असले तरी मला लाज वाटायची नाही. मी तहसील कचेरीत रिकामी घागर आपटून आलेली मुलगी, मला कसली लाज? मला राग यायचा. एवढा खणखणीत आवाज, एवढी धारदार जीभ, आणि ती खर्च कशावर होतेय? माशांवर! आणि तीही अशा गावात, जिथं नळाला पाणी आलं की लोक कामावर खाडा करून घरी थांबतात.

बाई माझ्या घरमालकीण. तालुक्याच्या गावात संघटनेचं काम करायला आले तेव्हा कुणी खोली देईना. एकटी मुलगी, त्यात मोर्चे काढते. बाईंनी दिली. एकच अट घातली, "तुझी पत्रकं माझ्या भिंतीवर न्हाय चिकटवायची." त्या शाळेच्या मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या. मूळच्या मुरुमच्या. गल्लीत त्यांना नाव असं नव्हतंच, लहानथोर सगळ्यांना त्या नुसत्या बाई. बोलायला लागल्या की पुस्तकातलं मराठी बोलायच्या आणि चिडल्या की सरळ मुरुमच्या घरात जाऊन पोचायच्या. मी त्यांचं पुस्तकातलं मराठी फार थोडं ऐकलं.

मासे त्यांच्याकडे आले ते निरोपसमारंभात. शाल-श्रीफळ घेणार नाही, असं त्यांनी आधीच जाहीर केलं होतं. मग सहकाऱ्यांनी डोकं लढवून गोल काचेचं भांडं आणलं. त्यात निळे खडे, एक प्लॅस्टिकचं कमळ आणि दोन केशरी गोल्डफिश. घरात भरभराट होते म्हणे. बाईंनी ते भांडं माइकसमोर हातात धरून नीट न्याहाळलं आणि उत्तराचं भाषण एका वाक्यात संपवलं, "ह्या दोघांना वर्गखोली लहान पडतीय." लोक हसले. टाळ्याही वाजल्या. आठवडा व्हायच्या आत दोघांतला एक मेला, आणि उरलेल्याचं नाव बाईंनी ठेवलं निरोप.

तिथून त्यांचा शोध सुरू झाला. माशाला राहायला योग्य जागा कोणती? निवृत्त माणसं चारधामला जातात. बाई एसटीनं धाराशिवला गेल्या, मासे विकणाऱ्याच्या दुकानात. मी सोबत होते, माझं जिल्हा कचेरीत काम होतं. दुकानदार बिचारा उत्साहानं एकेक भांडं दाखवत होता.

"गोल्डफिशला लई जागा लागत न्हाय बाई," तो म्हणाला. "जागा असंल तेवढाच वाढतो तो."

"असं?" बाई म्हणाल्या. "मग तुमचा पोरगा कपाटात ठेवा. कपाटाएवढा वाढंल. कपड्यांचा खर्च वाचंल."

मग त्यानं एक उंच, सडपातळ, दिवे लावलेली टाकी दाखवली. "ही घ्या. हॉलमधी शोभून दिसंल. मासा बघायलाच असतो ना शेवटी."

"मासा बघायला नसतो. ऱ्हायला असतो." बाईंनी टाकीच्या तोंडावर आडवा हात ठेवला. टाकीचं तोंड हातापेक्षाही तोकडं. "हवा कुठनं घेणार तो? हिचं पोट मोठं हाय, तोंड बारीक. भांड्याचं पोट नका बघू. तोंड बघा."

तोंड बघा, पोट नका बघू. हे वाक्य मी पुढं इतक्या वेळा ऐकलं की झोपेतही म्हटलं असतं. पाणी हवेला जितकं उघडं, तितका माशाला श्वास. गोल भांडं वर निमुळतं होत जातं, म्हणजे तिथं श्वासाचीच चोरी. त्यात हा मासा खादाड आणि लई घाण करणारा. थोड्या पाण्यात स्वतःच्याच घाणीनं मरतो. "घाण करणारच की," बाई म्हणायच्या, "जिवंत हाय तो. न करणारा पायजे असंल तर प्लॅस्टिकचा घ्या, कमळाशेजारी शोभंल."

त्या दिवशी लांब, बसकी, रुंद तोंडाची काचेची टाकी घेऊन आम्ही परतलो. एसटीत ती मांडीवर धरून बसल्या आणि कंडक्टरला सांगितलं, "हिचं तिकीट लागत असंल तर फाडा. पण खाली ठेवणार न्हाय."

दुसरा मासा आला दातांच्या दवाखान्यातून. बाईंची दाढ ठणकत होती, गाल सुजून टम्म झालेला. आत गेल्या तर काउंटरवर गोल भांडं, आत एक पांढरट गोल्डफिश जागच्या जागी फिरतोय. डॉक्टर बोलवायला लागले तर बाई उठेनात. "आधी ह्याचं काय ते बोला, मग दाढंचं." डॉक्टर हसले. बाई हसल्या नाहीत, सुजलेल्या गालानं हसताही येत नव्हतं. शेवटी वैतागून ते म्हणाले, "न्या बाई, घेऊन जा तुम्हीच." बाईंनी दाढ तशीच ठेवली आणि मासा काढून आणला, दुधाच्या किटलीतून. त्याचं नाव दातवाला. तिसरा मोबाइलच्या दुकानातला, त्याचं नाव मोबाइल. रोज सकाळी दाणे टाकताना बाई हजेरी घ्यायच्या. "निरोप? दातवाला? मोबाइल?" आणि तिघं वर आल्याशिवाय डबा बंद करायच्या नाहीत.

हजेरी हा बाईंचा जुना विषय. तरुणपणी त्या ढोकीजवळच्या एका वस्तीशाळेवर होत्या. कारखान्याचा हंगाम लागला की ऊसतोडीची पोरं आईबापांसोबत फडावर जायची आणि शाळा ओस पडायची. वरून आलेले साहेब म्हणायचे, हजर लावून टाका, तुम्हालाही त्रास नाही, आम्हालाही नाही. बाई गैरहजर लावायच्या. "जे पोरगं समोर न्हाय त्याला मी हजर म्हनू कसं? मग ते कुठं गेलं, हे कुणी इचारनारच न्हाय." याची बक्षिसी म्हणून त्यांची बदली झाली, मग आणखी एक बदली. साऱ्या नोकरीत खोटी हजेरी एकदाही लावली नाही, हे त्या सांगायच्या ते फुशारकीनं नव्हे. भाकरीला मीठ घालत नाही, असं सांगावं तसं सांगायच्या. माझ्या धंद्यातल्या माणसाला ही गोष्ट फार आवडली होती. खरं ते तोंडावर बोलावं, मग काय व्हायचं ते होवो, यावर आमचं दोघींचं एकमत होतं.

आमचं वाजलं ते हौदावरून.

काचेची टाकी पत्र्याच्या खोलीत. उन्हाळा चढला तसं पाणी कोमट, मग चक्क गरम व्हायला लागलं. मासे वर येऊन धापा टाकायला लागले. बाईंनी दोन दिवस विचार केला आणि तिघांना अंगणातल्या हौदात सोडलं. कडुनिंबाच्या सावलीतला, गुडघ्याच्या वर उंचीचा, रुंदच्या रुंद सिमेंटचा हौद. घराचं पाणी साठवायचा. माशाला त्याच्यासारखी जागा नाही, खरंय. थंड, ऐसपैस, मोठ्या तोंडाचा, आणि जुना असल्यानं सिमेंटचा चुनाही कधीच उतरून गेलेला. पण बाई स्वतः आता दोन बादल्या आणि एका पिंपावर भागवणार! गल्लीत बोभाटा झाला. "माणसाला पाणी न्हाय आन बाईनं माशाला हौद दिला." मी तर खवळलेच. मी आमच्याच जिल्ह्यातल्या वाशीकडच्या मेंढपाळाच्या घरातली. आमच्यात जनावराला माणसाआधी पाणी पाजतात, पण ते जनावर! मासा म्हणजे ना दूध, ना लोकर, ना राखण.

"बाई, पाण्यावर पहिला हक्क माणसाचा. तुम्ही एवढ्या शिकलेल्या—"

"थांब," बाई म्हणाल्या. "नळाच्या दिवशी सकाळी ये, मग बोल."

नळाच्या दिवशी आमच्या गल्लीत काय होतं? मी दर आठवड्याला बघत होते, तरी मला दिसलं नव्हतं. नळाला सूं आवाज आला, की बायका आधी घरातली सगळी भांडी रिकामी करतात. आठवडाभर जपून वापरलेलं, झाकून ठेवलेलं पाणी. पिंपंच्या पिंपं गटारीत. कारण ते शिळं. ताजं पाणी आलं असताना शिळं ठेवणारी बाई आळशी, तिचं घर वंगाळ. ज्या पाण्यासाठी आम्ही धरणं धरायचो, ते पाणी आमच्या डोळ्यांदेखत गटारीतून ओढ्याला जायचं! बाई त्या दिवशी दोन बादल्या घेऊन दारोदार फिरायच्या. "ओतू नका, मला द्या." त्यांच्या माशांना शिळंच पाणी लागायचं. ताज्या नळाच्या पाण्यात जंतू मारायची पावडर असते, तिचा वास नाकाला झोंबतो. माणूस ते पितो, मासा त्यात मरतो. दीड-दोन दिवस साठून राहिलं की पावडर उडून जाते. हे मला कळलं, पण गल्लीला वाटायचं, बाई ताजं मागायला संकोचतात म्हणून शिळ्यावर भागवतात. तेव्हा हौद भरला होता तो माणसाच्या वाट्याच्या पाण्यानं नव्हे, गटारीच्या वाट्याच्या पाण्यानं.

मी पत्रक काढलं. 'पाणी शिळं होत नाही!' बाईंनी लाल पेनानं तपासून परत दिलं. खाली शेरा होता, "उद्गारचिन्हं फार. वाचणारा बहिरा नाही." गल्लीनं त्या पत्रकावर पापड वाळवले.

मी एकदा विचारलं, गल्ली एवढी हसते, तरी हौदच का? दुसरी टाकी बांधता आली असती. बाईंनी दाण्यांचा डबा बंद केला. मग म्हणाल्या, "हे घर बांधलं तवा मी आधी हौद बांधला. भिंती नंतर. माझी आई मुरुमात लोकांच्या हौदाकडंला घागर घेऊन उभी ऱ्हायची. लांब. कुणाला दया आली तर वरनं पाणी ओतायचे. निम्मं मातीत. म्हणून मला माझा हौद पायजे होता, कुणीबी यावं, हात बुडवावा. आले का कुणी? माशांनी तरी बुडवलंय अंग."

माझे डोळे लकाकले असावेत, कारण त्यांनी लगेच बोट उगारलं. "ह्याचं पत्रक काढशील तर खोली खाली कर."

कुणी यायचं नाही म्हणजे काय, ते मी रोज बघत होते. भिंतीला भिंत लागून काकूंचं घर. काकू स्वभावानं उघड्या, बोलघेवड्या. बाईंशी भिंतीवरून तासन्‌तास गप्पा. कोथिंबीर, कढीपत्ता, गल्लीतल्या बातम्या, सगळ्याची देवाणघेवाण. पण बाईंच्या घरचं पाणी, चहा? कधी नाही. "आत्ताच झाला बाई चहा." बाई पुढं पुढं स्वतःच म्हणायला लागल्या, "चहा झालाच असंल तुमचा." आणि काकू म्हणायच्या, "व्हय की, आत्ताच." माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. मी दोनदा भांडायला निघाले. बाईंनी दोन्ही वेळा मला बसवलं. "तुला मोर्चा काढायला सरकार हाय. शेजार माझा हाय."

मग तो दिवस आला.

बाईंना बहिणीच्या आजारपणासाठी मुरुमला जावं लागलं. मी धरण्यावर. जाताना फाटकाची किल्ली काकूंकडं देऊन बाई म्हणाल्या, "हौदाकडं जरा लक्ष ठेवा." त्यांच्या मनात मांजर होतं, ते हौदाच्या कठड्यावर येऊन बसायचं. पण आमच्या गल्लीत बाईमाणसानं दुसरीच्या पाण्याच्या भांड्याकडं लक्ष ठेवायचं, याचा अर्थ एकच, नळ आला की ते घासून ताजं भरायचं. त्याच दिवशी नळ आला.

दुपारी मी परतले तर एसटीतून उतरलेल्या बाई फाटकाशीच भेटल्या. आत काकू उभ्या. लुगड्याचा ओचा खोचलेला, हात कोपरापर्यंत लाल, मागं गल्लीतल्या तीन-चार बायका.

"बाई, आधी डोळे मिटा!" काकू म्हणाल्या. "आता उघडा."

हौद लखलखत होता. इतक्या वर्षांचं शेवाळ गेलेलं. काकूंनी मासे बादलीत काढले होते, हौदातलं आणि अंगणातल्या आमच्या पिंपातलं शिळं पाणी सोडून दिलं होतं, स्वतः हौदात उतरून काथ्यानं तळ घासला होता आणि नळाचं ताजं पाणी काठोकाठ भरून मासे परत सोडले होते. पावडरीचा वास फाटकापर्यंत येत होता.

"बघा की, कशी वर येऊन वाट बघत्यात तुमची," काकू कौतुकानं म्हणाल्या.

मासे वाट बघत नव्हते. तिघंही पाण्याच्या वर तोंड काढून तडफडत होते.

"काकू, अहो हे काय केलं तुम्ही, हे पाणी म्हणजे—" मी सुरू केलं. बाईंनी माझ्या दंडाला असा चिमटा काढला की पुढं आठवडाभर तिथं निळं होतं.

"लई झ्याक घासलाय," बाई म्हणाल्या. आवाज शांत. "माझ्याच्यानं न्हाय झालं कधी." आणि मग, जणू साखर मागावी तसं, "काकू, कुणाकडं शिळं पाणी हाय का वो जरा?"

बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. नळाच्या दिवशी शिळं पाणी? "न्हाय बाई, सकाळीच वतलं." "आमी तर पिंप बी धुतलं." कोण कबूल करणार? आणि खरंच कुणाकडं नसावं. सगळी गल्ली ताज्या पाण्यानं भरलेली, आणि तीन माशांना जगवायला बादलीभर पाणी नाही. मोबाइल एका कुशीवर कलायला लागला.

काकू खाली मान घालून पुटपुटल्या, "माझं पिंप तसंच हाय."

"काय?"

"शिळं. मला टाइमच न्हाय मिळाला. इथंच हुते की समद्या नळात."

म्हणजे त्यांनी आपला नळाचा सगळा वेळ बाईंच्या हौदात घातला होता. आता पुढचा नळ येईपर्यंत त्यांच्या घरी ते अर्धं पिंपच होतं.

बाई बादली घेऊन निघाल्या, मी मागं. काकूंच्या ओट्याच्या आत बाई कधी गेलेल्या मी पाहिल्या नव्हत्या. आज दोघी घरातून थेट मागच्या मोरीपर्यंत गेल्या. काकूंनी पिंपाचं झाकण काढलं, तांब्या बुडवला आणि सवयीनं उंच धरला, बाईंच्या बादलीत वरून ओतायला. हात तिथंच थांबला. मग त्यांनी तांब्या खाली घेतला आणि बाईंच्या हातात दिला.

"घ्या तुमीच. भराभर व्हईल."

बाईंनी तांब्या पिंपात बुडवला, मनगटापर्यंत हात गेला. एक, मग आणखी एक. माझ्या तोंडात मथळे येत होते. मी ओठ मिटून बादली धरली.

काचेची टाकी पत्र्याखाली तापलेली. आता मासे ठेवायचे कशात? एका बाईनं पुढं होऊन स्वच्छ घासलेली कळशी आणली. काकू तिच्यावर कडाडल्या, "अगं तोंड बघ तिचं! पोट काय बघतीस? मरत्याल की!" आणि आत जाऊन नातवाच्या आंघोळीचा पसरट प्लॅस्टिकचा टब घेऊन आल्या. बाईंनी चमकून काकूंकडं बघितलं. इतकी वर्षं भिंतीपलीकडून व्याख्यान ऐकणारा एक कान होता तर.

टब निंबाखाली ठेवला. काकूंनी स्वतःच्या ओंजळीनं एकेक मासा सोडला. निरोप लगेच पोहायला लागला. मोबाइल संध्याकाळपर्यंत सरळ झाला. दातवाला तळाशी बसून राहिला. बाई त्याच्याजवळ पाट टाकून बसल्या, अंधार पडेपर्यंत.

सकाळी मी उठले तेव्हा बाई कढीपत्त्याच्या मुळाशी माती सारखी करत होत्या. मी टबाशी गेले. टबात दोन मासे होते.

भिंतीवरून काकूंचं डोकं वर आलं. डोळे रात्रभर जागलेले. कुणीतरी, बहुधा त्यांच्या सुनेनं, पावडरीचं सांगितलं असणार.

"बाई... कशी हायत वो?"

माझं तोंड उघडलं होतं. खरं ते तोंडावर बोलावं. पण हजेरी घेणं माझं काम नव्हतं.

बाईंनी हात पदराला पुसले. "तिन्ही हजर," त्या म्हणाल्या.

काकूंनी श्वास सोडला. बाई चुलीकडं वळता वळता नेहमीसारखं म्हणाल्या, "चहा झालाच असंल तुमचा."

"न्हाय अजून," काकू म्हणाल्या.

त्या फाटकातून आल्या आणि टबाजवळच्या पाटावर बसल्या. बाईंनी कप दिला. काकूंनी फुंकर मारली, एक घोट घेतला आणि टबात वाकून बघितलं. बराच वेळ बघितलं. टब उथळ होता, पाणी नितळ होतं, तळाला एक खडासुद्धा नव्हता.

"तिसरा असंल कुठंतरी खाली," काकू म्हणाल्या.

"व्हय," बाई म्हणाल्या. "खालीच असतो तो."